थांबचा हात

बावीस वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटमंधी क्रेन चालवली. "बाई होऊन क्रेन?" असं कोणी म्हटलं की मी विचारू, "कावून, तिले चालवाले मिशा लागतात का?" खाली गरम लोखंड, साठ फूट वर माझी केबिन, आणि मधात माझे दोन हात. एवढ्या वर्षात माझ्या हातून एक नग चुकीच्या जागी टेकला नाई. हे मी मिरवाले सांगून नाई राहिली, खरं आहे म्हणून सांगते. बरं, थोडं मिरवालेही सांगते.

सत्तेचाळीसाव्या वर्षी नोकरी सोडून मी समुपदेशक झाली, तेव्हा आमच्या सेक्टर दोनमंधल्या लोकायनं तोंडात बोट घातलं. "सुजाता, पेन्शनीपर्यंत तरी बसती वर," शेजारची कलावती म्हणे. आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत, दुर्गले. त्यायनं पेपर खाली न करता म्हटलं, "आतापर्यंत तू फक्त माझ्या डोक्यावर बसत होती, आता पब्लिकच्या बसशील." त्या दिवशी त्यायनं आपला चहा आपणच केला.

लोक विचारतात, हे सुचलं कसं. सुचलं बिचलं काई नाई, राग आला म्हणून झालं. सेफ्टी वीकमंधी बाहेरचे एक साहेब तणावावर भाषण द्यायले आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत दीड तास वाचत राहिले. शेवटी आमच्यातल्या एकानं भीत भीत विचारलं, "सर, झोप नाई येत, का करू?" साहेब म्हणाले, "सकारात्मक विचार करा." माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हटलं, "साहेब, कावून येत नाई, कधीपासून येत नाई, एक तरी गोष्ट विचारा न त्याले." साहेबाले लागलं ते. म्हणाले, "मॅडम, एवढं समजते तर तुम्हीच शिकून घ्या." मी म्हटलं, "शिकते." घरी आली आणि पोरीकडून, मोनाकडून, फॉर्म शोधून भरला. रागात घेतलेले माझे निर्णय चांगले निघतात.

आधी पत्राद्वारे एम. ए., मंग रायपूरले शनिवार-रविवारचा डिप्लोमा. वर्गात सगळ्या मोनाच्या वयाच्या. पहिल्या दिवशी मले आंटी म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी दीदी म्हणाल्या. मधात मी काई केलं नाई, फक्त एकदा पाह्यलं त्यायच्याकडं. शिकवाले नीतू मॅडम होत्या, वय बत्तीस, माहेर गोंदियाचं. पास झाल्यावरही नव्या माणसानं आपल्या केसेस कोण्या जाणत्याले सांगाव्या लागतात, म्हणून दर गुरुवारी मी त्यायले फोन करते. त्यायनं सुरुवातीलेच बजावलं होतं, "ताई, ओळखीच्या माणसाची केस घ्यायची नाही." मी हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, भिलाईत हा नियम पाळला तर मले दुकानच बंद करा लागेल. इथं जो तो कोणाच्या तरी शिफ्टमधला आहे.

हुडको कॉलनीत झेरॉक्सच्या दुकानावर मी एक खोली घेतली. समोर लोखंडी कठड्याची गॅलरी, खाली रस्ता. लोक येऊ लागले, पण कायले येत? एक बाई पोरीले घेऊन आली, म्हणे, "हिले समजावा, इंजिनिअरिंगच घे म्हणा." एक जोडपं आलं, त्यायनं पत्रिका पाहता का विचारलं. लोकायले वाटे, ही समजावाले ठेवलेली बाई आहे. मी एकेकाले सांगू, मी समजावत नाई, मी ऐकते. आणि ऐकलं मी. आठ महिन्यात चाळीसेक माणसं त्या खोलीत बसून गेली, त्यातल्या बऱ्याच जणायचं बरं चाललं आहे. मी चांगली आहे या कामात. पण एकदा मी चुकली, आणि ते सांगतल्याशिवाय बाकीचं सांगणं खोटं होईल.

आधी क्रेनचं सांगते, नाईतर पुढचं समजणार नाई. वर केबिनमंधी खालचा आवाज येत नाई. ओरडा, बोंबला, काई उपयोग नाई. म्हणून खाली एक माणूस उभा राहते आणि हातानं सांगते. बोट वर करून लहान गोल फिरवला, उचल. बोट खाली करून फिरवला, ठेव. अंगठा जिकडं, तिकडं ने. एका हातानं इशारा देऊन दुसरा हात तसाच समोर धरला, म्हणजे हळू. आणि हात आडवा, तळवा खाली, डावीकडून उजवीकडं हलवला, म्हणजे थांब. मी आपल्या पायाखालची घंटी दोनदा वाजवायची, म्हणजे मी तयार आहे, आता तू सांग. मंग तो सांगते, मग मी हलते. इशारा एकाच माणसाचा घ्यायचा. बाजूले दहा साहेब हात हलवत असू दे, त्यायच्याकडं पाहाचं नाई. फक्त थांबचा हात कोणाचाही असो, झाडूवाल्याचा असो, मानायचा.

चौदा वर्षं माझा खालचा माणूस लहानूभाऊ होते. लहानू मेश्राम. बोलणं कमी, पण हात असे साफ की पुस्तकासारखे वाचत जावे. दोघायच्या शिफ्टा मिळून गेल्या होत्या. सकाळी आल्यावर ते खालून "जय भीम, बाई" म्हणत आणि मले ऐकू येत नसे, पण मान हललेली दिसे. त्यायची भीमाबाई डब्यात माझ्यासाठी वेगळी झुणका-भाकर बांधून देत होती. मागच्या वर्षी लहानूभाऊ रिटायर झाले, आणि पाच महिन्यांमांगं भीमाबाई गेली. तेव्हापासून लहानूभाऊ बोलेनासे झाले. काईही विचारा, "हं."

तर त्यायचा पोरगा राजदीप एका सोमवारी त्यायले घेऊन माझ्याकडं आला. राजदीप हैदराबादले कंपनीत आहे. चार दिवसाची सुट्टी, त्यात दोन दिवस गेलेले. बाप खुर्चीत बसला, पोरगा उभ्याउभ्याच सुरू झाला.

"मावशी, क्वार्टर सोडायची तारीख या महिन्याची आहे. मी म्हणतो, हैदराबादले चला. बाबा मान ही नहीं रहे. जेवत नाई, बोलत नाई. यायले इथं एकटं सोडून मी जाऊ कसा? मले रात-रात टेन्शन येते."

"दुसरी सोय का आहे?" मी विचारलं.

"बोरसीत प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या होत्या आई-बाबायनं. ना प्लास्टर, ना फरशी. तिथं का राहातीन? तुमचं ऐकतात ते. तुमी समजावा."

तुमचं ऐकतात ते. झालं, मी फुगली. नियम माहीत होता, नाई म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं, "बस, राजदीप. पाहतो आपण."

एक गोष्ट मी बरोबर केली, तेवढी सांगून देते. लहानूभाऊच्या समोर खुर्ची घेऊन बसली आणि सरळ विचारलं, "भाऊ, जीव द्यावासा वाटते का?" राजदीप दचकला. पण हे विचाराच लागते, न विचारता राहाचं नाई. लहानूभाऊनं माझ्या डोळ्यात पाह्यलं आणि मान हलवली, नाई. साफ नाई. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच्यापुढं मात्र मी घोड्यावर बसली. हैदराबादले डॉक्टर जवळ आहेत, नातू आहे, अकराव्या मजल्यावरून मोकळं दिसते, एकट्या माणसाले घर खायले उठते. मी काय काय बोलली. मी स्वतः ज्या साहेबावर चिडून हे शिकली, त्या साहेबासारखीच वाचत होती, फक्त पडदा नव्हता. लहानूभाऊ खाली पाहत होते. त्यायचा उजवा हात गुडघ्यावर होता. मधातच तो उचलला गेला, तळवा खाली, आणि गुडघ्याच्या वरून डावीकडून उजवीकडं गेला. एकदा गेला. मी पाह्यला. मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात आहे, सवय जात नाई. आणि बोलत राहिली.

बुधवारी परत बसलो. मी कागदावर दोन रकाने पाडले, जाण्याचे फायदे, राहण्याचे तोटे. असे रकाने कोण पाडते, सांगा मले. दोन्हीकडं हैदराबादच जिंकत होतं. हात परत हलला, तळवा खाली, तसाच. मी परत पाह्यला. मंग म्हटलं, "तर जायचं न भाऊ?" लहानूभाऊ म्हणाले, "हं." राजदीपनं माझे पाय धरले. सुट्टी वाढवून त्यानं रविवारची मेटाडोर सांगतली आणि दोघायची तिकिटं काढली. मी घरी येऊन आमच्या साहेबायले म्हटलं, "पाहा, डोक्यावर बसून काम झालं का नाई." त्यायनं मान डोलावली.

गुरुवारी नीतू मॅडमले फोन केला. सगळी केस मोठ्या रुबाबात सांगतली. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "ताई, एक सांगा. यात तुमचा क्लायंट कोण आहे?"

"कोण म्हणजे? लहानूभाऊ."

"मग लहानूभाऊंनी काय मागितलं?"

मी म्हटलं, थांबा, वही पाहून सांगते. मी प्रत्येक बैठकीनंतर लिहून ठेवते, समोरचा माणूस काय म्हणाला. वही उघडली. एकटेपणा, राजदीप. जेवण, राजदीप. टेन्शन, राजदीप. दोन पानं भरली होती आणि लहानूभाऊच्या नावापुढं दोनदा "हं" होतं, बस. मी पान उलटून पाह्यलं, मांगं कोरं होतं.

"त्यांना तुम्ही कधीपासून ओळखता?" मॅडमनं विचारलं.

"चौदा वर्षं."

"हे मला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, ताई."

"तुमी घेऊ नका म्हटलं असतं."

"हो. म्हणूनच."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बत्तीस वर्षाची पोरगी मले क्लायंट कोण ते विचारते. मी बावीस वर्षं माणसायच्या डोक्यावरून टनानं लोखंड नेलं, मले शिकवते. त्या रागात मी ओटा पुसाले घेतला. फडकं हाताखाली, तळवा खाली, डावीकडून उजवीकडं. दोनदा पुसला आणि माझा हात तिथंच राहिला.

तो थांब होता. सोमवारी एकदा, बुधवारी एकदा. लहानूभाऊनं मले थांबचा हात देल्ला होता आणि मी नेतच राहिली. चौदा वर्षात मी त्यायचा एक थांब चुकवला नव्हता. आणि इशारा घेतला कोणाचा, तर राजदीपचा. बाजूले उभा राहून हात हलवणाऱ्याचा. मी ओट्यापाशी उभी राहून रडली. आमचे साहेब आत आले, त्यायनं मले पाह्यलं आणि गॅसवर चहा ठेवला.

राजदीपले फोन केला. "बेटा, माझ्याकडून घाई झाली. लहानूभाऊसोबत मले अजून बसू दे." तो म्हणाला, "मावशी, अब मत छेड़ो. बडी मुश्किल से माने हैं." मी म्हटलं, त्यायले फोन दे. तो म्हणाला, "फोनवर बोलतात का ते? आपण रविवारी निघताना भेटतोच न, हुडकोवरूनच जाऊ." बाप त्याचा, भीती त्याची, मी त्याले दोष कसा देऊ? तो कोणाचं वाईट करून नव्हता राहिला. इशारा चुकीच्या माणसाकडून मी घेतला होता. रविवारी एक संधी होती, आणि ती गेली तर लहानूभाऊ अकराव्या मजल्यावर "हं" करत बसणार होते, मरेपर्यंत. त्यायले तिथं कोणी काई विचारणार नव्हतं.

रविवारी सकाळी दहाले मेटाडोर माझ्या गॅलरीखाली येऊन लागली. वर दोरीनं बांधलेलं भीमाबाईचं कपाट, पलंग, गाद्या, पिंप. अर्धं सामान हैदराबादच्या ट्रान्सपोर्टले, अर्धं कोणाकोणाले देऊन टाकायचं, असं राजदीपनं ठरवलं होतं. तो पेढ्यायचा डबा घेऊन वर आला.

"बाबा?" मी विचारलं.

"गुडघ्याले हात लावून दाखवला. खालीच थांबले."

मी गॅलरीत आली. लहानूभाऊ रस्त्यावर मेटाडोरपासून चार पावलं हटून उभे होते. पाय थोडे फाकवलेले, मान मांगं टाकलेली, आणि नजर सरळ वर माझ्याकडं. मी वर, ते खाली, मधात बांधलेलं वजन. चौदा वर्षं आमी असेच उभे होतो. मले काय विचाराचं ते माहीत होतं, पण कसं विचाराचं ते तवापर्यंत सुचलं नव्हतं.

माझ्या हातात खोलीच्या कुलुपाची चावी होती, मोठी, पितळेची. मी ती कठड्याच्या लोखंडी पाइपावर दोनदा वाजवली. टण, टण. मी तयार आहे, भाऊ, आता तुमी सांगा.

लहानूभाऊची पाठ सरळ झाली. मी डोळ्यानं पाह्यलं ते. पाच महिन्यांपासून वाकलेला माणूस ताठ झाला, उजवा हात पुढं आला, आडवा, तळवा खाली, आणि डावीकडून उजवीकडं असा गेला की झेरॉक्सवाला दुकानाबाहेर येऊन पाहू लागला.

"हे का करून राहिले बाबा?" राजदीप मांगून म्हणाला.

"थांबा म्हणून राहिले."

"क्या मतलब, थांबा? गाडी रात्रीची आहे मावशी."

"गप बस, राजदीप. इशारा चालू असताना बोलायचं नाई."

मी चावी परत दोनदा वाजवली. लहानूभाऊनं मूठ मिटली आणि अंगठा दुर्गकडं केला, दोन झटके देऊन. तिकडं ने. मंग बोट खाली, लहान लहान गोल. ठेव. आणि दुसरा हात उघडा, समोर धरलेला, जागचा न हलता. हळू.

"दुर्गकडं नेऊन ठेवा म्हणतात," मी म्हटलं. "हळू ठेवा."

"दुर्गले कोण आहे आमचं?" राजदीप म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा आवाज उतरला. "तिकडं तर बोरसी आहे."

मी चपला न घालता खाली गेली. राजदीप माझ्यामांगं. लहानूभाऊ तसेच उभे होते, हात खाली घेतलेले. माझ्याकडं पाह्यलं आणि पाच महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले.

"बाई, म्या दोनदा देल्ला होता थांब."

बावीस वर्षात मले साहेबायनं शिव्या देल्ल्या आहेत, मेमो देल्ले आहेत. एवढं कशानंच लागलं नव्हतं.

"देल्ला होता भाऊ," मी म्हटलं. "दिसलाही होता. मी मानला नाई. माझं चुकलं."

त्यायनं मान हलवली, बस, पुरे म्हणून. राजदीप पेढ्यायचा डबा छातीशी धरून उभा होता.

"बाबा, मग मले कावून नाई बोलले?"

"तू विचारलं कधी? तू सांगे." लहानूभाऊच्या आवाजाले खरखर होती, मधात मधात तुटे. "बोरसीच्या भिंती तुह्या मायनं तराई केलेल्या आहेत. एकवीस दिवस. सेक्टर दोनमधून टेम्पोनं जाये, विहिरीचं पाणी वढे, सकाळ-संध्याकाळ भिंतीले पाणी मारे. म्हणे, चांगली भिजली की मजबूत होते. फरशी टाकू मंग जाऊ, म्हणे. फरशी राहिली न ती गेली." त्यायनं मेटाडोरवरच्या कपाटाकडं पाह्यलं. "एक दिवस नाई राहिली तिथं. आता म्या बी नाई राहाचं?"

नव्या भिंतीले पाणी घालणं म्हणजे तराई, हे सगळ्यायले माहीत असते. मी त्या एकवीस दिवसात भीमाबाईचा हात पाह्यला होता, बादलीच्या कडीनं तळव्यावर घट्टे आले होते. एकदा त्यायच्या घरी झुणका बांधून देताना मले दाखवून हसली होती. आणि मी ते घर वहीत एका ओळीत लिहिलं होतं, प्लास्टर नाई.

राजदीप रडाले लागला. रस्त्यावर, झेरॉक्सवाल्यासमोर, मोठा कंपनीतला माणूस. "एकटे कसे राहाल बाबा? तुमाले काई झालं तर मी तिकडून येईपर्यंत..."

आता मी मधात नाई पडली. मोह खूप झाला. चार वाक्यं जिभेवर तयार होती, एकापेक्षा एक. पण मी जीभ दाताखाली धरली आणि लहानूभाऊच्या हाताकडं पाहत राहिली.

त्यायनं डावा हात परत उघडा समोर धरला. "हळू म्हटलं न," ते पोराले म्हणाले. "जन्माचं नाई सांगून राहिलो. हिवाळा काढू दे. रोज फोन करीन, बोलीन. हिवाळ्यानंतर तू ये, मंग दोघं मिळून पाहू. तुह्याकडं यायचं नाई, असं म्या कुठं म्हटलं?"

राजदीपनं बाहीनं तोंड पुसलं. मंग मेटाडोरवाल्याकडं वळून म्हणाला, "भैया, बोरसी चलना है."

मीही बसली मेटाडोरमंधी, ड्रायव्हरच्या बाजूले, चपला विसरूनच. बोरसीच्या त्या दोन खोल्या उघड्या विटायच्या, पण भिंतीले कुठं एक भेग नव्हती; मी हात फिरवून पाह्यलं. भीमाबाईचं कपाट आत न्याले चार माणसं लागली. लहानूभाऊ दारासमोर उभे राहून हातानं सांगत होते, अंगठा असा, बोट असं, आणि ज्यायनं आयुष्यात क्रेन पाह्यली नाई ते हमालही बरोबर ऐकत होते. कपाट टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाई. राजदीप बाजूले फोनवर बायकोले सांगत होता, दहा दिवस इथूनच काम करतो, फरशी टाकूनच येतो.

संध्याकाळी चारले चहा झाला. लहानूभाऊ उलट्या बादलीवर बसले, मी उंबऱ्यावर. राजदीप भाकरी आणाले गेला होता, कारण बापानं स्वतः म्हटलं होतं, भूक लागली. मी म्हटलं, "भाऊ, मंगळवारपासून तुमी नीतू मॅडमशी बोलत जा. त्या दुर्गले येतात. तुमच्यासाठी मी समुपदेशक नको, मी तुमचा डबा खाल्लेला आहे." त्यायनं मान हलवली. चहाच्या आधीच मी मॅडमले फोन करून सगळं सांगतलं होतं, पाहून न मानलेले थांबचे दोन हात पण. त्या रागावल्या नाई, मंगळवारचं हो म्हणाल्या, आणि मले एवढंच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी वही घेऊन बसा." मी बसणार आहे. हे काम मी सोडणार नाई, मी यात चांगली आहे, आणि त्या दिवसानंतर थोडी अजून चांगली झाली.

पण तवा उंबऱ्यावर बसून माझ्या मनातून ते जात नव्हतं. मी परत म्हटलं, "दोनदा देल्ला तुमी. आणि मी, एवढ्या वर्षाची ऑपरेटर, नेतच राहिली."

लहानूभाऊनं चहाचा घोट घेतला. भीमाबाईच्या भिंतीले पाठ टेकवली.

"वर बसलं की कधी कधी नाई दिसत, बाई," ते म्हणाले. "म्हणून तं खाली माणूस ठेवतात."